सराईतली खाट

माघ वद्य ४, शके १७८८. हिवरखेड.

आज सकाळी अस्थी गोळा केल्या. सासरे पुंजारामजी, मेहुणा आणि मी असे तिघे गेलो होतो. दूध शिंपडले. कोऱ्या मांजरपाटाच्या पिशवीत अस्थी भरल्या आणि सुतळीने तोंड बांधले. परत येऊन अंघोळ केली. दुपारी झोप लागली. लागायला नको होती.

माझे कुटुंब वद्य द्वितीयेला वारले. पौषापासून ती इथे माहेरीच होती. ताप आहे, येऊन जा, असा निरोप मला अमरावतीला पुनवेच्या आधीच मिळाला होता. मी वखारीत तोलाच्या काट्यावर होतो. कापसाच्या हंगामात काटा सोडून कोणी जात नाही. शेटजींना विचारले असते तर ते नाही म्हणाले नसते, पण मी विचारलेच नाही. ताप येतो आणि उतरतो, असे धरून चाललो. दर्यापूर-आकोटच्या वाटेने इथे पोचलो ती तृतीयेची सकाळ होती. अग्नी मेहुण्याने दिला होता.

मला कोणी काही बोलले नाही. सासऱ्यांनी अमरावतीचा भाव विचारला, मी सांगितला.

अस्थी नाशिकला गोदावरीत न्यायच्या असे ठरले. दहाव्या दिवसाच्या आत पोचले पाहिजे. अकोल्यापर्यंत घरच्याच कापसाच्या गाडीवर बसून जायचे, पुढे आगगाडी. मेहुण्याला वेचणी सोडता येत नाही. मी म्हणालो, एकटा जातो. आगगाडीत मी अजून बसलेलो नाही. आमच्या वखारीचा माल रोज बडनेऱ्याहून तिच्यात जातो एवढेच.

संध्याकाळी सासूबाई मैनाबाईंनी मला बाजूला बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. "कोनाच्या घरात नेऊ नका, झाडाले टांगाचं असते. अन् एकलीले सोडू नका. अंधाराले भेते ते."

ती अंधाराला भिते हे मला ठाऊक नव्हते. लग्नाला आठ वर्षे झाली.

माघ वद्य ६. पूर्णेच्या उतारावर.

काल मुक्काम आकोटला केला. पिशवी बाभळीला टांगली आणि खाली बसलो. दोन कुत्री आली, हाकलली, पुन्हा आली. काठी घेऊन बसून राहिलो. गाडीवान म्हणाला, तुमी झोपा, मी पाहतो, आणि तोच आधी झोपला.

आज दुपारपासून नदीच्या उतारावर अडकून आहोत. पुढे मागे कापसाच्याच गाड्या. एक गाडी पाण्यात रुतली की मागच्या सगळ्या थांबतात. गाडीवान शिव्या देतात, बैल उभ्याउभ्या रवंथ करतात. वारा सुटला आहे आणि रुई उडते आहे. माझा फेटा, धोतर, पिशवी, सगळे पांढरे झाले आहे. झटकणे सोडून दिले.

माघ वद्य ७. अकोला.

स्टेशनाजवळच्या सराईत आहे. इथे आलो तेव्हा दिवे लागून गेले होते आणि आगगाडीही गेली होती. आता दुसरी उद्या दुपारी. गाडीवानाने मला रस्त्यावर उतरवले आणि तो कापूस घेऊन स्टेशनाबाहेरच्या गंजीकडे गेला.

सराईच्या आवारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. चुली पेटल्या होत्या. माणसे ओसरीवर, ओट्यावर आणि गाड्यांखालीसुद्धा झोपली होती. झाड कुठे आहे ते अंधारात दिसेना. कोणाला विचारावे तर काय म्हणून विचारावे. आकोटची कुत्री डोळ्यांसमोर होती. मी दारात उभा राहिलो.

सराईचा कारभार अब्दुल गफ्फार नावाचा माणूस पाहतो. तो कंदील घेऊन आला. म्हणाला, "जागा नाई भाऊ. गावात जा, मंदिरात पाहा." मग कंदील वर करून त्याने माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले. पिशवीला रुई चिकटलेली होती. "नमुना हाय काय?"

कापसाच्या नमुन्याच्या पिशव्या अशाच असतात. मी होकाराची मान हलवली.

"मंग आधी सांगाचं ना, राजेहो. नमुना दवात कसा ठेवता? एकलेच काय?"

"एकलाच," मी म्हणालो.

नाही म्हणायला तेव्हा वेळ होता. गफ्फारने खोलीचे दार उघडून कंदील टेकवीपर्यंत वेळ होता. मी काहीच बोललो नाही. सुतकात असून लोकांच्या राहत्या छपराखाली अस्थी घेऊन आलो.

खोलीत आधीच एक गृहस्थ होते, बाळापूरचे भगवंतराव. कापसाची दलाली करतात. पन्नाशीचे असावेत. फार बोलतात. माझे नाव, वखार विचारून घेतली आणि म्हणाले, "या अमरावतीकर. खाट एकच हाय, पन मले पाठीचं दुखनं हाय, मी जमिनीवरचा मानूस. खाट तुमाले." मी पिशवी खाटेवर ठेवली आणि खाली बसलो. खाली उंदीर होते म्हणून तसे केले. भगवंतराव खूप हसले. "नमुन्याले खाट अन् मालक भुईवर! माल भारी दिसते बावा."

त्यांनी आपली शिदोरी सोडली. ज्वारीची भाकर, बेसन आणि ठेचा. मी नको म्हणालो. त्यांनी अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. त्यांच्याजवळ बसून मी खाल्ली. भूक होती.

मग म्हणाले, दाखवा नमुना, दिव्याची गरज नाही, बोटांवर रुईची तार सांगतो. मी म्हणालो, शेटजींची ताकीद आहे, कोणाला दाखवायचा नाही. एक खोटे बोलल्यावर दुसरे आपोआप आले, त्याला काही कष्ट पडले नाहीत. ते म्हणाले, "अमरावतीवाले नमुन्याले बी परद्यात ठेवते," आणि पुन्हा हसले.

त्यांच्या मुलीचे, वच्छलाचे, लग्न फाल्गुनात आहे. लग्नाचा बस्ता घ्यायला ते अकोल्याला आले होते. गठुडे सोडून त्यांनी वरचेच एक लुगडे मला दाखवले. हिरवे, जरीच्या काठाचे. हळदीनंतर मुलगी हेच नेसून उभी राहणार. ते चुकले तर नाहीत ना, अशी त्यांना धास्ती होती. "बायका संगं असत्या तर बरं झालं असतं. तुमच्या घरातल्या कोनता रंग नेसतात?"

"हिरवा," मी सांगितले. समोर हिरवे होते म्हणून.

कोणता नेसायची ते नंतर आठवून पाहिले. आठवले नाही.

उंदरांमुळे त्यांनी बस्त्याचे गठुडेही खाटेवर पायथ्याशी ठेवले. मला विचारून ठेवले. मी ठेवा म्हणालो. आता ते घोरत आहेत.

माघ वद्य ८. अकोला स्टेशन.

गाडीला अवकाश आहे. घडले ते लिहून ठेवतो.

रात्री एकदा जाग आली. खाटेची सुंभे सैल होती आणि पिशवी घरंगळून काठावर आली होती. पडेल म्हणून मी पायथ्याचे गठुडे वर ओढून तिला टेकण दिले. तेव्हा बाकी काही मनात आले नाही. पहाटे भगवंतराव उठायच्या आत गठुडे परत पायथ्याशी सरकवले. ते मात्र समजून उमजून केले.

उजाडल्यावर विहिरीवर गेलो. सराईच्या मागे विहीर आहे आणि तिच्यापलीकडे मोठा कडुलिंब. त्याला तीन पिशव्या टांगलेल्या होत्या. एकीवर झेंडूचे फूल होते. खाली एक म्हातारा घोंगडी पांघरून बसला होता. आगगाडी झाल्यापासून सगळ्या बाजूंचे लोक नाशिकला जायला इथेच येतात आणि रात्री इथे टांगतात, असे त्याने सांगितले. त्याची एक पिशवी होती, पण राखण तो तिन्हींची करत होता. "तुमचं कोनी हाय काय?" त्याने विचारले. मी नाही म्हणालो.

काल कोणालाही विचारले असते तर त्याने हे झाड दाखवले असते.

खोलीत परत आलो तेव्हा भगवंतराव खाटेजवळ उकिडवे बसले होते. सुतळी सुटलेली होती आणि त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत पिशवीत होता. चेहऱ्यावर थट्टेचे हसू होते, ते तसेच राहून गेले होते. त्यांनी सावकाश हात बाहेर काढला. बोटांना राख होती. हात अंगाला लागू न देता त्यांनी तो लांब धरला.

"कोन होय?"

"घरातली," मी म्हणालो.

ते उठले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी विहिरीवर गेले. मी सुतळी बांधली. गाठ नीट बसेना. ते परत आले तेव्हा धोतर निथळत होते. ते आत आले नाहीत, दाराबाहेरच उभे राहिले. मला वाटले, आता ओरडतील आणि सगळी सराई गोळा होईल. तसे काही झाले नाही. भाकर एका हातावरून दुसऱ्या हातावर गेली, तिचा विटाळ अंघोळीने सुटला, असे काहीतरी ते स्वतःशीच म्हणाले. गफ्फारही तेवढ्यात तिथे आला. त्याने माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले, आणि खोलीतला कंदील उचलून घेऊन गेला.

मग भगवंतरावांनी विचारले, "माह्या पोरीचं गठुडं पायथ्याशीच होतं ना रातभर?"

"हो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. म्हणाले, मग काही नाही, पायथा वेगळा असतो. मला बरे वाटावे म्हणून तेच पुढे बोलत राहिले, की माणसाचे अशा वेळी ठिकाणावर नसते, त्यांची आई गेली तेव्हा त्यांनीही काय काय केले होते. गठुडे घेऊन ते बाळापूरच्या गाड्यांकडे गेले. जाताना म्हणाले, "सांभाळून जा. लांब हाय."

मी खाटेजवळ बसून राहिलो. गाड्या जुंपल्याचा आवाज आला. घंटा वाजल्या. गाड्या निघाल्या. वच्छला नावाची मुलगी मी पाहिलेली नाही. पण ते लुगडे नेसून ती उभी राहिलेली मला दिसू लागली. मी उठलो. पिशवी काखेत मारून रस्त्यावर पळत सुटलो. लोक पाहत होते. गावाबाहेर गाड्या गाठल्या.

भगवंतरावांनी गाडी थांबवली आणि खाली उतरून बाजूला आले. मी त्यांना सांगितले की, रात्री टेकण मी दिले होते. गठुडे पायथ्याशी नव्हते. पिशवीला लागून होते.

त्यांनी गाडीतल्या गठुड्याकडे पाहिले. मग म्हणाले, "हे काहून सांगतलं मले?"

मी म्हणालो, खरे ते सांगितले पाहिजे.

"काल सांगाचं होतं. रातचा सांगतलं असतं तर मी गठुडं उचललं असतं. आता सकाळी सांगून काय? तुमी सांगतलं नसतं तर मले लागलं नसतं, माह्या पोरीले लागलं नसतं. तुमाले मोकळं व्हाचं होतं, तुमी झाले. हे ओझं आता मी घरी नेऊ काय?"

मी किंमत देतो म्हणालो. बोलायला नको होते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की पुढचा शब्द मी गिळला.

गाडीत चढून त्यांनी गठुडे सोडले. वरचे हिरवे लुगडे काढले आणि बाकीचे पुन्हा बांधले. लुगडे माझ्या हातावर ठेवले. "हे तिले लागलं. तिचंच झालं." आणि गाडी हाकायला सांगितली.

लुगडे मांडीवर घेऊन बसलो आहे. समोर कापसाच्या गाठींचे डोंगर आहेत. खुणेची घंटा झाली.

माघ वद्य ११. नाशिक.

आज दहावा दिवस. सकाळी क्षौर, पिंड आणि अस्थिविसर्जन झाले.

भटजींनी संकल्पाला तिचे नाव विचारले. मी थांबलो. त्यांना वाटले मला ऐकू आले नाही, म्हणून त्यांनी मोठ्याने विचारले. कौशल्या, मी म्हणालो. लग्नात सगळ्यांनी अडवून नाव घ्यायला लावले होते, त्यानंतर आजच घेतले. आवाज नीट निघाला नाही. ते म्हणाले, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितले.

लुगड्याचे काय करावे ते मला समजत नव्हते. सवाष्णीला द्यायची रीत आहे, पण हे देता येत नाही. घरी नेता येत नाही. शेवटी पिशवी रिकामी झाल्यावर तेही पाण्यात सोडले. हिरवे कापड फुगून वर आले आणि धारेला लागले.

मी काठाकाठाने थोडा खाली गेलो. तिथे एक बाई कपडे धूत होती. तिने काठी टाकून लुगडे ओढून घेतले. जरीचा काठ पाहिला. इकडे तिकडे पाहिले. मग पिळून पिळून घट्ट वळकटी केली, पदराखाली घेतली आणि चालू लागली. अंगावरचे तिचे लुगडे जागोजागी शिवलेले होते.

मी आठ-दहा हातांवर उभा होतो. सांगायचे म्हटले तर सांगता आले असते. तोंडही उघडले होते. सांगितले नाही.

बरे केले की वाईट ते ठरवता येत नाही. अकोल्याला गप्प बसलो ते चुकले, आणि बोललो तेही चुकले. आता हे कशात धरायचे? भगवंतरावांना विचारता आले असते.

माघ वद्य १४. नाशिक.

तेरावा झाला. धर्मशाळेत बिछाना आवरताना आकोटच्या बाभळीचा काटा घोंगडीत सापडला.

फाल्गुन वद्य २. अमरावती.

परत आल्यापासून रोज काट्यावर जातो. शेटजींनी विचारपूस केली. दोन दिवस घरी राहा म्हणाले. मी नको म्हणालो. घरी राहून काय करायचे?

आज बाळापूरकडची एक गाडी माल घेऊन आली होती. गाडीवान सावलीला बसून आमच्या हमालांशी गप्पा करत होता. मी तोलाचे आकडे लिहीत होतो. भगवंतरावांचे नाव कानावर आले.

लग्न पार पडले. जेवणावळ मोठी झाली, वाजंत्री कारंज्याहून आणली होती. पण मुलगी मांडवात आईच्या जुन्या लुगड्यात उभी राहिली. वऱ्हाड्यांत बोलणे झाले. सगळ्या मुलुखात कापसाचे सोने होत असताना दलालाला पोरीसाठी एक लुगडे जुळले नाही म्हणून. व्याही तोंडावर बोलला. गाडीवान सांगत होता, "सासूनं तर इचारलंच, काहो, दलालीचा पैसा गेला कुठी? अन् आमचे भगवंतराव, जे कधी गप्प नाई राहत, ते गप्प. खाली पाहून राह्यले. एक शब्द नाई सांगतला कोनाले."

हमाल हसले. एक म्हणाला, चिंगूस असेल. गाडीवान म्हणाला, "नाई रे. तसा नाई तो. काय झालं ते त्यालेच ठाऊक."

माझी लेखणी थांबली होती. तोलणाऱ्याने आकडा पुन्हा पुकारला. मी लिहिला.

अकोल्यापर्यंत आगगाडी आहे, बाळापूर आता काही फार लांब नाही. जावे, चार लोकांत उभे राहावे, ते लुगडे कुठे गेले आणि कोणामुळे गेले ते सांगावे, असे दिवसभर वाटत होते. त्याने त्यांचा मान परत आला असता. पण मग सगळ्या बाळापुरात झाले असते की भगवंतरावांनी सुतकाची भाकर खाल्ली, अस्थींत हात घातला आणि तोच बस्ता घरी आणला. मुलीच्या सासरी काय म्हटले असते? हे सगळे ओळखूनच तो माणूस मांडवात गप्प बसला. माझे नाव त्यांना ठाऊक होते, वखार ठाऊक होती. माझ्याबद्दलही ते कोणाला काही बोलले नाहीत.

गाडीवान निघताना मी त्याच्यापर्यंत गेलो. भगवंतरावांना निरोप सांगशील का, असे विचारले. सांगतो की, काय सांगू, तो म्हणाला. मी उभा राहिलो. बैल पुढे ओढू लागले. काही नाही, जा, म्हणालो.

काटा बंद करून घरी आलो. घर उन्हाने तापले होते. रांजण कोरडा होता. घागर घेऊन विहिरीवर गेलो. विहिरीवरच्या बायका बाजूला झाल्या आणि त्यांनी दोर मला दिला. पाणी ओढले, खांद्यावर घागर घेऊन घरी आणले आणि रांजणात ओतले. मग दुसरी घागर आणायला गेलो.